हाऊ चापडा शे का? खान्देशातल्या हिरव्या सापांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की माझ्या फोनवर हिरव्या सापांचे फोटो यायला लागतात. रावेर-यावलच्या केळीबागा, शिरपूरकडचा कापूस, नवापूरच्या भाताचे बांध, तोरणमाळचा घाट, सगळीकडून येतात. फोटोखाली बहुतेक वेळा अहिराणीत एकच वाक्य असतं: "भाऊ, हाऊ चापडा शे का?" म्हणजे, हा विषारी हिरवा चापडा आहे का? गेल्या काही पावसाळ्यांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. साप आत्ता समोर असेल तर थेट प्रश्न ४ वर जा. कुणाला चावला असेल तर आधी १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत प्रश्न ११ वाचा.

१. चापडा म्हणजे नेमका कोणता साप?

झाडाझुडपांवर राहणारा, हिरव्या रंगाचा विषारी साप. घोणस आणि फुरसं ज्या कुळातले, त्याच कुळातला. पण चापड्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक खळगी असते. ती घोणशीला नाही, फुरशालाही नाही (ही खळगी काय काम करते ते प्रश्न ८ मध्ये). बहुतेक चापडे दीड-दोन फुटांचे असतात, तीन फुटांपर्यंत गेलेला क्वचितच. अंग आखूड आणि भरलेलं, मान बारीक, डोकं रुंद आणि चपटं. शेपटी फांदीला वेढा घालून धरते, हाताच्या मुठीसारखी. वेळूच्या बेटांत हमखास सापडतो म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याला बांबू चापडा किंवा हिरवा चापडा म्हणतात.

२. पुस्तकांत याची दोन-दोन शास्त्रीय नावं दिसतात. बरोबर कोणतं?

दोन्ही याच सापाची आहेत. जुन्या पुस्तकांत ट्रायमेरेसुरस ग्रॅमिनिअस असं असतं. नंतर या गटाची नव्याने मांडणी झाली आणि आता त्याला क्रॅस्पेडोसेफॅलस ग्रॅमिनिअस म्हणतात. पहिला शब्द बदलला तरी दुसरा तोच आहे आणि मला तो फार आवडतो. लॅटिनमध्ये 'ग्रामेन' म्हणजे गवत. नाव देणाऱ्यानं ते हिरव्या रंगावरून दिलं असणार, पण बांबू हेही मुळात गवतच आहे.

नाव १८०२ मध्ये जॉर्ज शॉ यांनी दिलं. त्याआधी १७९६ मध्ये पॅट्रिक रसेल या डॉक्टरानं विशाखापट्टणमकडच्या या सापाचं चित्र आणि वर्णन छापलं होतं. घोणशीचं इंग्रजी नाव ज्यांच्यावरून पडलं ते हेच रसेल.

३. आपल्या खान्देशात चापडा आहे का? की तो फक्त कोकणातला?

फक्त कोकणातला नाही. हा भारतीय द्वीपकल्पाचा साप आहे. सह्याद्री, पूर्व घाट आणि मध्य भारतातले ओले डोंगर हे त्याचं घर. गुजरातेत डांगच्या जंगलात तो आहे, आणि डांग म्हणजे आपल्या नवापूर-साक्रीच्या शेजारचं अंगण. सापाला राज्याची हद्द ठाऊक नसते. त्याला लागतो तो ओलावा, दाट झुडूप, वेळू आणि वर्षाचे बरेच महिने पाणी टिकवणारा नाला.

म्हणून खान्देशाचा नकाशा असा डोळ्यांसमोर आणा. मधे तापीचं काळ्या मातीचं मैदान. पाऊस साधारण ६००-७०० मिलिमीटर, उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर. हे चापड्याचं गाव नाही. जळगाव, अमळनेर, धुळे, दोंडाईचा इथल्या शेतातला हिरवा साप जवळजवळ नेहमीच दुसरा कुणीतरी निघतो. पश्चिमेला नवापूरकडे सरकलं की पाऊस वाढतो, साग-बांबूचं जंगल लागतं, डांगचा ओलावा जाणवायला लागतो. तिथे मात्र हिरवा साप दिसला तर चापडा ही शक्यता डोक्यात ठेवूनच वागायचं. सातपुड्यातल्या खोल, सावलीच्या नाल्यांनाही हाच नियम लावावा असं मी सांगतो.

कुणी म्हणतं, "आमच्याकडे कधी दिसला नाही, म्हणजे नाहीच." त्यांना मी रानपिंगळ्याची आठवण करून देतो. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला सापडला नव्हता, संपला असंच सगळे धरून चालले होते. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, तो पुन्हा सापडला तो आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात. दिवसा उघड्यावर बसणाऱ्या पक्ष्याची ही कथा. चापडा तर पानासारखा दिसतो आणि रात्री फिरतो.

४. हिरवा साप दिसलाय. चापडा आहे की दुसरा, हे लांबूनच कसं ओळखू?

आधी दोन मीटर मागे व्हा. मग या गोष्टी पाहा.

अंग दोरीसारखं लांब, बोटाएवढं बारीक आणि तोंड पुढे काडीसारखं टोकदार असेल तर तो हरणटोळ. दिवसाउजेडी झुडपावर दिसणारा पोपटी साप म्हणजे दहांत नऊ वेळा हाच. त्याच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, दुसऱ्या कुठल्याही सापाची इथे तशी नाही.

साप जमिनीवर, गवतात किंवा बांधावर असेल, अंग जाडसर, रंग मळकट हिरवा आणि डिवचल्यावर मान फुगवून चपटी करत असेल तर तो गवत्या. याच्या पिल्लाच्या मानेवर काळी खूण आणि पिवळी झाक असते, त्यामुळे लोक त्याला नागाचं पिल्लू समजतात. गवत्याचं मुख्य खाणं म्हणजे बेडूक-भेक. मानेवर काळ्या-पिवळ्या खुणा आणि मान चपटी, तरीही फणा नाही, हा फरक लक्षात ठेवावा.

अंग आखूड, भरलेलं, डोकं मानेपेक्षा ठळक रुंद, डोक्यावर मोठे पत्रे नसून बारीक बारीक खवले, दिवसा बाहुली उभ्या फटीसारखी, पाठीवर कधी अंधूक काळसर ठिपके किंवा पट्टे, अंगाच्या कडेनं पिवळट-पांढरट रेघ, आणि साप फांदीवर गोळा करून निपचित बसलेला, तर तो चापडा.

यांतलं सर्वांत भरवशाचं लक्षण माझ्या मते बसण्याची पद्धत. हरणटोळ तुम्हाला पाहून मान डोलवतो, हळूच सरकतो. गवत्या पळतो. चापडा हलत नाही. आपण पान आहोत यावर त्याचा पूर्ण विश्वास असतो, आणि माणसाला धोका होतो तो त्यामुळेच.

५. केळीचा घड उतरवताना हिरवा साप निघाला. बाग सोडून पळावं का?

पळू नका, घड हळूच खाली ठेवा आणि साप जाईपर्यंत थांबा. केळीबागेतला पोपटी साप म्हणजे बहुतेक हरणटोळ. केळीच्या पानांत सरडे आणि बेडूक भरपूर, म्हणून तो येतो.

हा प्रश्न आला की मला चुलत्यांची बाग आठवते. मी शाळेत होतो. मृगबागेची कापणी चालली होती, एका घडातून हिरवा साप सालदाराच्या खांद्यावर पडला आणि त्यानं तिथेच विळ्यानं त्याचे दोन तुकडे केले. सगळे म्हणाले, चापडा होता, थोडक्यात वाचला. त्या सापाचं लांब टोकदार तोंड मला अजून दिसतं. तो हरणटोळ होता. आणि त्याच आठवड्यात, त्याच बागेत, वाळलेल्या पानांच्या थरावर पाय पडून एका मजूर बाईंना घोणस चावली. त्या वाचल्या, पण पायाचं दुखणं कायमचं राहिलं. सगळ्या बागेचं लक्ष वर हिरव्या पानांत होतं आणि धोका खाली तपकिरी पाल्यात पडला होता.

म्हणून केळीवाल्यांना माझं सांगणं असतं: घडाला हात घालण्यापूर्वी काठीनं हलवून घ्या, पण त्याआधी गमबूट घाला.

६. हरणटोळ उडून कपाळावर डसतो, डोळे फोडतो म्हणतात. खरं का?

नाही. तो उडत नाही. फांदीवरून अंग ताणून पुढे येतो आणि त्याचं तोंड आपल्या चेहऱ्याच्या उंचीवर असतं, त्यावरून ही समजूत पसरली असावी. त्याला सौम्य विष असतं, विषाचे दात जबड्याच्या मागच्या बाजूला असतात आणि ते सरड्या-पाखरांसाठी असतात. माणसाला चावल्यास थोडी सूज, बधिरपणा इतकंच होतं. तरी चावा कोणत्याही हिरव्या सापाचा असो, दवाखान्यात दाखवावं, कारण ओळखण्यात चूक होऊ शकते.

७. डोकं त्रिकोणी असेल तर विषारी, गोल असेल तर बिनविषारी, हा नियम पक्का आहे ना?

हा नियम मनातून काढून टाका. यानं माणसं मेली आहेत. मण्यारीचं डोकं मानेएवढंच असतं, नागाचं डोकंही त्रिकोणी नसतं, आणि दोघेही जीवघेणे. उलट मांजऱ्या सापाचं डोकं मानेपेक्षा चांगलंच रुंद असतं, बाहुलीही उभी असते, आणि त्याच्या चाव्यानं माणसाला मोठा अपाय होत नाही. गवत्यासारखे साप घाबरले की डोकं-मान चपटी करतात. चापड्याचं डोकं त्रिकोणी असतं हे खरं, पण ते एकटं लक्षण पुरेसं नाही. प्रश्न ४ मधल्या चार-पाच खुणा एकत्र जुळल्या तरच नाव घ्या.

८. डोळा आणि नाकाच्या मधे जे भोक दिसतं ते कान आहे का?

कान नाही. सापाला बाहेरून दिसणारा कान नसतोच. ती उष्णता ओळखणारी खळगी आहे, आणि मला विचाराल तर या सापाविषयी सांगण्यासारखी सर्वांत अद्भुत गोष्ट तीच.

खळगीच्या आत एक अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे साठाव्या-सत्तराव्या भागाइतकी. पडद्याच्या मागेही हवेची पोकळी असते, त्यामुळे तो अधांतरी राहतो आणि जराशा उष्णतेनं तापतो, लगेच निवतो. त्यावर मज्जातंतूंचं जाळं असतं. समोरून उंदीर गेला तर त्याच्या अंगाची उष्णता पडद्यावर पडते आणि अंशाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागेल इतका सूक्ष्म फरक सापाला कळतो. दोन बाजूंना दोन खळग्या असल्यामुळे दिशाही कळते. ही माहिती मेंदूत डोळ्यांनी दिसणाऱ्या चित्राच्या जोडीला जाऊन बसते. म्हणजे काळोख्या रात्री वेळूच्या बेटात त्याला नुसतं ऊब जाणवत नाही, उबेचा एक आकार दिसतो.

२०१० मध्ये शास्त्रज्ञांनी या पडद्याच्या मज्जातंतूंत उष्णता टिपणारं प्रथिन कोणतं ते शोधून काढलं. आपल्या अंगातही त्याचा भाऊबंद आहे. मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो तो आपल्याला त्याच्यामुळे कळतो. लोणच्याच्या दिवसांत आपल्या डोळ्यांतून पाणी काढणारं प्रथिन चापड्यानं शिकारीला जुंपलं आहे.

इथे एक चलाख प्रश्न नेहमी येतो: बेडूक तर थंड रक्ताचा, मग तो कसा दिसणार? खळगी ओळखते तो आजूबाजूच्या तापमानातला फरक. गरम पार्श्वभूमीवर थंड वस्तूही वेगळी उठून दिसते. ओल्या कातडीवरचं पाणी उडत असल्यामुळे बेडूक बऱ्याचदा भोवतालापेक्षा गार असतो. शिवाय डोळे आणि जीभ आहेतच.

९. चापडा काय खातो? झाडावरून भक्ष्य खाली पडत नाही का?

बेडूक, सरडे-पाली, लहान पाखरं आणि उंदीर. तो शिकार शोधत हिंडत नाही. नाल्याच्या काठची एक फांदी निवडतो, शेपटीनं पकड घेतो, मानेला इंग्रजी 'एस'सारखा बाक देतो आणि थांबतो. अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत थांबतो, जमलं नाही तर दुसऱ्या रात्रीही तिथेच. इतकी कमी हालचाल असल्यामुळे अन्नही कमी लागतं.

पडण्याविषयीची शंका अगदी योग्य आहे. जमिनीवरची घोणस उंदराला चावते, सोडून देते आणि मग वासावरून माग काढत जाते. झाडावर हे चालणार नाही. डसून सोडलेलं पाखरू उडेल किंवा खाली दरीत पडेल, मग त्याचा वास कुठे घेत बसणार? म्हणून झाडावर राहणारे असे साप भक्ष्य, विशेषतः बेडूक-पाखरू, तोंडात धरूनच ठेवतात. विष चढेपर्यंत अंग फांदीला लटकलेलं, तोंडात शिकार, आणि सगळा भार त्या शेपटीवर. नंतर डोक्याकडून गिळायला सुरुवात.

१०. बांबूच्या बेटात अंडी सापडली. चापड्याची असतील का?

नाही. चापडा अंडी घालत नाही, मादीच्या पोटात वाढून थेट पिल्लं जन्मतात. एका वेळी साधारण पाच-दहा. घोणस, फुरसं आणि हरणटोळ यांचीही तीच रीत. अंडी पाहिलीत ती पालीची, सरड्याची किंवा दुसऱ्या एखाद्या सापाची असतील. जागा न हलवता झाकून ठेवा.

११. चापडा किंवा कोणताही साप चावला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

सापापासून दूर व्हा. चावलेल्या माणसाला बसवा किंवा आडवं करा, चालू-पळू देऊ नका. हाताला चावला असेल तर अंगठी, बांगड्या, घड्याळ, दंडातली वाकी लगेच काढा. पायाला असेल तर जोडवी आणि पैंजण. हे फार महत्त्वाचं आहे, कारण चापड्याच्या चाव्यानं सूज झपाट्यानं चढते आणि नंतर अंगठी कापावी लागते. चावलेला हात किंवा पाय फळीला किंवा काठीला सैल कापडानं बांधून स्थिर ठेवा, हाड मोडल्यावर ठेवतात तसा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल ती गाडी घ्या.

करू नये असं: घट्ट दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं विष ओढू नका, बर्फ-चुना-पाला लावू नका, दारू पाजू नका. साप पकडायला किंवा मारायला थांबू नका. लांबून फोटो निघाला तर उत्तम, नाही निघाला तरी डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवरून दवाखाना लांब पडतो आणि माणसं आधी भगताकडे जातात. भगतावर लोकांचा जीव आहे, हे मी जवळून पाहिलं आहे. माझी विनंती इतकीच असते की भगताला गाडीत सोबत घ्या, त्यानं वाटेत मंत्र म्हणावा, पण गाडी दवाखान्याच्या दिशेनं चालू राहू द्या.

१२. चापड्याच्या विषावर इंजेक्शनच नाही म्हणे. मग दवाखान्यात जाऊन काय उपयोग?

पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे, दुसरा साफ चुकीचा. आपल्याकडचं सर्पविष-प्रतिबंधक औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावरून तयार होतं. चापड्याचं विष त्यात नाही, त्यामुळे त्या औषधाचा चापड्यावर भरवसा धरता येत नाही.

तरी दवाखाना लागतो, आणि त्याला कारणं आहेत. चावला तो चापडाच, याची खात्री अंधारात कुणालाच नसते. फुरसं किंवा घोणस असेल तर तेच औषध जीव वाचवतं. चापड्याचं विष रक्तावर आणि ऊतींवर काम करतं, प्रचंड दुखतं, सूज हातभर चढते, कधी फोड येतात, रक्त गोठायला अडचण होते. हे बिघडत आहे का, हे पाहण्यासाठी सरकारी दवाखान्यात एक साधी चाचणी करतात: थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठलं का ते पाहायचं. गरज पडेल तशी ती पुन्हा करतात. वेदना कमी करणं, सलाईन, लघवीवर लक्ष, जखम चिघळू न देणं, हे सगळं तिथेच होतं.

१३. म्हणजे चापडा चावून माणूस मरतो का?

मरण्याची उदाहरणं फार विरळ आहेत. दुखणं मात्र खरं आहे, आणि काहींचा हात आठवडे कामातून जातो. हातावर पोट असलेल्या माणसाला आठवडे म्हणजे थोडे नाहीत. तुलना हवी असेल तर २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. मोठा वाटा खेड्यांतला, आणि जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. हे काम मुख्यतः प्रश्न १२ मधल्या चौघांचं, त्यातही घोणशीचं फार मोठं. चापडा त्या यादीत खूप खाली आहे.

१४. आम्ही टोपल्या-सुपांसाठी बांबू तोडतो. रोज जंगलात जावंच लागतं. काळजी काय घ्यायची?

तुमच्यासाठी चापडा हा खरा प्रश्न आहे, कारण त्याची बसायची जागा आणि तुमचा हात यांची उंची एकच. चावे बहुतेक बोटांना, मनगटाला, कधी चेहऱ्याला होतात. वेळूला हात घालण्याआधी कोयत्याच्या उलट्या बाजूनं किंवा लांब काठीनं दोन-तीनदा ठोका. लक्षात ठेवा, ठोकल्यानं चापडा पळून जाईलच असं नाही (प्रश्न ४ पाहा), म्हणून ठोकून झाल्यावर नजर फिरवा. पानांच्या झुबक्यात एखादं पान जरा जास्तच जाड आणि गुळगुळीत वाटलं तर थांबा. पावसाची रिपरिप, ढगाळ हवा आणि संध्याकाळ या वेळी विशेष जपा. जाड चामडी हातमोजे आणि पूर्ण बाह्या असाव्यात. कोंब काढायला बेटाच्या बुडाशी वाकताना डोक्यावर काय आहे ते आधी पाहा. काळोख पडल्यावर वेळूला हात नको.

१५. बाहेरगावाहून आलेल्या बांबूच्या ट्रकमध्ये हिरवा साप निघाला. तो कोणता?

इथे प्रश्न ३ मधला हिशोब लागू पडत नाही, हा एक महत्त्वाचा अपवाद आहे. माल ज्या जंगलातून आला तिथला कोणताही साप त्यात असू शकतो. ईशान्य भारतात चापड्याचे वेगळे भाऊबंद आहेत, काहींची शेपटी लालसर असते. जळगाव-धुळ्याच्या वखारीत, भर उन्हाळ्यात, असा साप निघाला तर "इथे चापडा नसतो" म्हणून हात घालू नका. माल उतरवणं थांबवा, वनखात्याला कळवा (प्रश्न १९), आणि माल कुठून आला ते जरूर सांगा.

१६. पिल्लू मोठ्या सापापेक्षा जास्त विषारी असतं का?

जन्मल्या क्षणापासून विषारी असतं हे खरं. जास्त घातक असतं हे नाही, त्याच्याकडे विषाचा साठाच कमी असतो. वीतभर लांबीच्या पिल्लालाही हात लावू नये, इतकंच.

१७. रस्त्यावर मेलेला हिरवा साप निळा दिसला. ही वेगळी जात आहे का?

तो हिरवाच साप होता. सापाच्या कातडीत हिरवा रंग म्हणून वेगळा रंग नसतो. वर पिवळ्या रंगाच्या पेशी, त्यांच्याखाली प्रकाश विखरून निळा भास करणारा थर, आणि दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. मेल्यावर पिवळा रंग आधी नष्ट होतो आणि निळा उघडा पडतो. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत बाटलीत ठेवलेले हरणटोळ आणि चापडे निळे दिसतात ते याच कारणानं, स्पिरिटमध्ये पिवळा रंग विरघळून जातो. असा निळा साप दाखवला की विद्यार्थ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

१८. आंबोलीत आम्ही तपकिरी आणि पिवळा चापडा पाहिला. चापडा हिरवाच असतो ना?

तुम्ही पाहिलात तो मलबारी चापडा, सह्याद्रीतला वेगळा भाऊ. तो हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी, निळसर अशा अनेक रंगांत येतो. सह्याद्रीच्या भरपूर पावसाच्या भागातला तो साप आहे, खान्देशात त्याची वाट पाहू नका. आपल्या बांबू चापड्यातही क्वचित पिवळट किंवा तपकिरी झाक असते, म्हणून फक्त रंगावर निर्णय नको.

१९. अंगणात निघाला तर मारला तरी चालतो का? कुणाला बोलवायचं?

चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सापाला मारणं, पकडून बाळगणं, खेळ करणं हा गुन्हा आहे. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक महाराष्ट्रात कुठूनही लागतो. जवळच्या नोंदणीकृत सर्पमित्रालाही बोलवा. तो येईपर्यंत लांबून नजर ठेवा, लेकरं आणि कुत्रं आत घ्या.

आपण कानबाईच्या सणाआधी नागपंचमीला नाग पूजतो, त्या दिवशी शेतात नांगर घालत नाही, विळी-सुरी बाजूला ठेवतो. या गोष्टी मला मनापासून जपाव्याशा वाटतात. सापाला दूध पाजण्याची मात्र गरज नाही. ते त्याचं अन्न नाही, आणि तहानलेल्या सापाला ते बळजबरीनं पाजलं जातं.

२०. पकडलेला चापडा आमच्या गावाजवळच्या जंगलात सोडला तर चालेल?

गावाजवळचं जंगल कोणतं, यावर अवलंबून. तापीकाठच्या बाभळींत सोडलेला चापडा उन्हानं मरेल. आणि ओल्या जंगलातला चापडाही जिथे सापडला तिथून थोड्याच अंतरावर, त्याच नाल्याला सोडावा. हा साप स्वतःची फांदी, स्वतःचा नाला ओळखून राहणारा आहे, अनोळखी ठिकाणी त्याला निवारा आणि शिकार शोधणं जड जातं. ट्रकमधून आलेल्या परक्या सापाचं काय करायचं ते वनखात्यालाच ठरवू द्या, आपल्या रानात सोडू नका.

२१. आम्हाला चापडा बघायचाच आहे. कुठे, कधी जावं?

नंदुरबार-धुळ्याकडच्यांना सर्वांत जवळ पडतं डांग. पावसाळ्यात, जाणत्या स्थानिक माणसाबरोबर आणि वनखात्याची परवानगी घेऊन जावं. रात्री नाल्याकाठची झुडपं कंबरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीत टॉर्चनं हळूहळू पाहत जा. दिसला तर दीड-दोन मीटरवर थांबा, फांदी वाकवू नका, फ्लॅशचा मारा करू नका. चांगल्या फोटोसाठी त्याला काठीनं हलवून उघड्या फांदीवर आणणारे लोक मी पाहिले आहेत. त्या रात्री त्याची शिकार बुडते आणि दिवसा लपायची जागाही जाते.

२२. ओळखण्यासाठी फोटो पाठवताना त्यात काय दिसायला हवं?

एक फोटो पूर्ण सापाचा, म्हणजे अंगाची जाडी आणि लांबी कळते. एक डोक्याचा बाजूनं, झूम करून, जवळ न जाता. डोळ्याची बाहुली आणि खळगी त्यात दिसली तर काम झालं. साप ज्या फांदीवर किंवा जमिनीवर आहे ती जागाही दिसू द्या. खाली गाव, तालुका, वेळ आणि दिवस लिहा, कारण नवापूरचा रात्रीचा हिरवा साप आणि पारोळ्याचा दुपारचा हिरवा साप यांची उत्तरं वेगवेगळी येतात. साप मधेच निघून गेला तर त्याला अडवू नका, झुडपाआड गेलेल्या शेपटीचा फोटोही पाठवा. त्यावरूनही बऱ्याचदा सांगता येतं.